बँकेच्या कामाला क्रोम, एज की फायरफॉक्स?

विंडोज १० चा लॅपटॉप आहे. सुरक्षेत खरंच फरक पडतो का, की सगळे सारखेच? पासवर्ड ब्राउझरमध्येच सेव्ह असतात.

प्रतिसाद १
क्रोम आणि एज दोन्ही क्रोमियमवरच (गुगलचा ओपन सोर्स ब्राउझर), त्यामुळे गाभा एकच. प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीच्या स्वतंत्र कप्प्यात चालवणं (साइट आयसोलेशन) क्रोमने डेस्कटॉपवर २०१८ मध्ये आणलं, फायरफॉक्सने २०२१ मध्ये. त्यामुळे एका टॅबमधल्या घातक पानाला बँकेच्या टॅबची मेमरी वाचणं अवघड जातं. आज डेस्कटॉपवर तिघंही चालतील.

घोळ होतो तो अपडेटमध्ये. क्रोम अपडेट गुपचूप उतरवून ठेवतो, पण रीस्टार्ट केल्याशिवाय ते लागू होत नाही. चाळीस टॅब उघडे ठेवून पंधरा दिवस लॅपटॉप नुसता स्लीपवर टाकणाऱ्यांचा ब्राउझर जुनाच राहतो. तीन ठिपके, मदत, 'गुगल क्रोमविषयी' इथे 'रीलाँच' दिसलं तर लगेच दाबा.

प्रतिसाद २
फायरफॉक्स घेतलात तर प्रायमरी पासवर्ड (सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डना कुलूप लावणारा एक मुख्य पासवर्ड) लावाच. तो नसेल तर प्रोफाइल फोल्डरमधल्या (जिथे ब्राउझर तुमचा डेटा ठेवतो) 'की४.डीबी' आणि 'लॉगिन्स.जेसन' या दोन फाइल कॉपी करणाऱ्याला सगळे पासवर्ड उघडता येतात. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे 'यूज अ प्रायमरी पासवर्ड'. तो विसरलात तर मात्र सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले.

प्रतिसाद ३
एक्स्टेंशनचं (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं) कुणी बोललंच नाही! 'सर्व वेबसाइटवरील डेटा वाचणे व बदलणे' ही परवानगी घेतलेलं कूपनवालं एक्स्टेंशन बँकेचं पानही वाचू शकतं. बँकेसाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा, त्यात एकही एक्स्टेंशन नको.