लेहमधील हॉटेलच्या संगणकावर ईमेल उघडताना

प्रश्न: पुढील महिन्यात आईवडिलांसह लेहला जात आहे. महाराष्ट्रातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. मग तेथील संगणकावर जीमेल उघडण्याची वेळ आली, तर ओटीपी कसा मिळणार आणि पासवर्ड कितपत सुरक्षित राहील?

प्रतिसाद १: निघण्यापूर्वी गूगल खात्यातून बॅकअप कोड, म्हणजे ओटीपीऐवजी चालणारे कोड, छापून घ्या. एका संचात आठ अंकी १० कोड असतात आणि वापरलेला कोड पुन्हा चालत नाही, त्यामुळे नंतर तो कोणाच्या हाती लागला तरी बिघडत नाही. हा कागद फोनसोबत ठेवू नका.

प्रतिसाद २: कोडबाबत सहमत आहे, परंतु इन्कॉग्निटो खिडकीवर विसंबू नका, ती त्या ब्राउझरमधील इतिहास आणि कुकीज मागे ठेवत नाही इतकेच, मात्र दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा कीलॉगर संगणकात असेल, तर पासवर्ड त्याला मिळतोच. म्हणून आपल्या फोनला इंटरनेट मिळताच पासवर्ड बदला. बँकेचे व्यवहार तेथे मुळीच करू नका, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद ३: तेथील संगणकावरून आधारची प्रत छापलीत, तर ती फाइल ‘डाउनलोड्स’मधून आणि नंतर रिसायकल बिनमधूनही काढून टाका. बहुतेकांचे नेमके हेच राहून जाते.