एक्केचाळिसाव्या वर्षी पाळी बिघडली आहे. पिशवी काढण्याचा सल्ला कितपत योग्य?

गणिताच्या_बाई

नमस्कार. माझे वय ४१ असून मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या चौदा महिन्यांपासून पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी पन्नास दिवसांनी येते, आणि आली की पहिले तीन दिवस इतके अंगावरून जाते की लागोपाठ दोन तास घेण्याची धास्ती वाटते. रात्री अडीचच्या सुमारास छातीतून गरम वाफ वर चढते, गाऊन घामाने भिजतो आणि त्यानंतर पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. मात्र मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते ते विसरणे. मागच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात वर्गसमीकरणाचे सूत्र लिहिताना हात मध्येच थांबला, आणि सोळा वर्षे शिकवलेली ती ओळ मला एका मुलीने सांगितली.

पहिल्या डॉक्टरांनी ‘वयानुसार होते’ म्हणून रक्तवाढीचे औषध दिले. दुसऱ्यांनी सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची गाठ पाहिली आणि ‘मुले झालीच आहेत, पिशवी काढून मोकळ्या व्हा’ असे सुचवले. सासूबाईंचेही तेच मत आहे, कारण आमच्या गल्लीतील निम्म्या बायकांनी ते केले आहे. आईला विचारले तेव्हा तिची पाळी ४२ व्या वर्षीच गेल्याचे मला पहिल्यांदा कळले. पिशवी काढल्याने हा सगळा त्रास खरोखर थांबेल का, आणि हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होतो हे कितपत खरे आहे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

कागलची_सून

ताई, मी आता ४७ वर्षांची आहे. माझे ४२ व्या वर्षी सुरू झाले, आणि पहिली दोन वर्षे मी ती थायरॉइडची लक्षणे समजून काढली. माझ्यासाठी सर्वांत उपयोगी ठरली ती दोनशे पानी साधी वही. पाळीची तारीख, दिवसाला किती पॅड बदलले, रात्री किती वेळा जाग आली आणि त्या दिवशी मनःस्थिती कशी होती, एवढेच मी त्यात लिहीत असे. तीन महिन्यांची ती वही टेबलावर ठेवल्यावर डॉक्टरांचे बोलणेच बदलले, कारण ‘फार जाते’ हे वाक्य त्यांना दिवसभर ऐकावे लागते, पण ‘दर दीड तासाला पॅड भिजते’ असे क्वचितच कोणी सांगते.

वाफांचे म्हणाल, तर रात्रीचा झणझणीत तांबडा रस्सा आणि साडेनऊचा चहा मी सोडला. (रस्सा दुपारी खाते, तो पूर्ण सोडण्याइतकी मी वैरागी नाही.) फरक पडला, परंतु खरी झोप औषधानेच परत आली, हेही प्रामाणिकपणे सांगते. आणखी एक सूचना आहे. नवरात्रात अंबाबाईच्या कुंकुमार्चनासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मी दरवर्षी दुकानातून परस्पर आणत असे. आपली पाळी आधीच बेभरवशाची असताना तसे करू नका. नोंदीही बिघडतात आणि मूळ दुखणेही झाकले जाते.

स्त्रीरोगतज्ज्ञ_पश्चिम_महाराष्ट्र

तपासणी न करता निदान करणे योग्य नाही, म्हणून सर्वसाधारण माहिती देतो.

पिशवी म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय हे दोन वेगळे अवयव आहेत, आणि आपल्याकडील पुष्कळसा गोंधळ येथेच सुरू होतो. गरम वाफा, झोपमोड आणि विसराळूपणा यांचा संबंध अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनच्या चढउताराशी आहे, त्यामुळे पिशवी काढल्याने रक्तस्राव थांबेल, वाफा थांबणार नाहीत. त्याच शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले, तर जे हळूहळू व्हायचे ते एका दिवसात होते. अंडाशय ठेवले, तरी अशा स्त्रियांची रजोनिवृत्ती काहीशी लवकर येण्याची शक्यता असते. दोन सेंटिमीटरची गाठ अनेकींना असते आणि ती पिशवीच्या आतल्या पोकळीत शिरलेली नसेल, तर बहुधा निरुपद्रवी असते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्याचे उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या टोळ्या दर हंगामात आपल्याच जिल्ह्यातील कारखान्यांवर येतात, म्हणून हा प्रश्न दूरचा मानू नये.

भारतात रजोनिवृत्तीचे सरासरी वय साधारण ४६ ते ४७ आहे. चाळिशीच्या आत पाळी गेल्यास तो अंडाशयाचा अकाली ऱ्हास समजतात आणि ४० ते ४५ च्या दरम्यान गेल्यास तिला लवकर आलेली रजोनिवृत्ती म्हणतात. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असे धरायचे. आपण सध्या त्याआधीच्या टप्प्यात असू शकता, आणि आईचा इतिहास त्याला दुजोरा देतो. तरीही आधी गरोदरपणाची चाचणी, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) करून घ्यावे. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारे हार्मोन, या टप्प्यात वरखाली होत राहते, त्यामुळे एकाच अहवालावर विसंबू नये, आणि कोणत्याही हार्मोनच्या गोळ्या चालू असताना ते तपासू नये. जास्त अंगावरून जाण्यावर ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड किंवा पिशवीत बसवायचे हार्मोनयुक्त साधन, असे शस्त्रक्रियेआधीचे पर्याय आहेत.

हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होण्याची भीती मुख्यतः २००२ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून पसरली, परंतु त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३, म्हणजे आपल्यापेक्षा बरेच अधिक होते. ज्यांची पाळी ४५ च्या आत जाते, त्यांना हाडे व हृदयाच्या रक्षणासाठी रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचाच सल्ला सहसा दिला जातो. पिशवी असल्यास इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन आवश्यक असते, आणि त्वचेवरील जेलमध्ये रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. स्तनाचा कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, यकृताचा सक्रिय आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास मात्र हा मार्ग बहुतेक वेळा बंद असतो; त्यांच्यासाठी वाफांवर बिगरहार्मोन औषधे आहेत. पाळी अनियमित झाली म्हणून गर्भनिरोधक सोडू नये, हेही सांगायला हवे.

खासगी खर्च जड वाटत असल्यास सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दुसरे मत घेता येईल. मन फारच खचले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

एक_नवरा_राजारामपुरी

माझ्या पत्नीच्या बाबतीत मी दीड वर्ष ‘हल्ली फार चिडते’ एवढेच म्हणत राहिलो. ती रात्री तीनला गच्चीवर जाऊन उभी राहत होती, हे मला तिच्यासोबत दवाखान्यात बसल्यावर डॉक्टरांच्या प्रश्नांमधून कळले. ताईंच्या यजमानांनी पुढच्या वेळी त्यांच्यासोबत आत जावे, बाहेर बाकावर बसू नये.

गणिताच्या_बाई

सर्वांचे आभार. शस्त्रक्रियेची तारीख मी रद्द केली असून वही आजपासूनच सुरू केली आहे. टीएसएच आणि फेरिटिनसाठी उद्या रक्त देईन आणि अहवाल आल्यावर दुसरे मत घेण्यासाठी जाईन. यजमान अर्धी रजा टाकून येणार आहेत. डॉक्टरसाहेबांनी हाडांचा उल्लेख केला, तेव्हा आठवले की आईचे मनगट ५६ व्या वर्षी अंगणात नुसते घसरून मोडले होते आणि आम्ही सगळ्यांनी शेवाळाला दोष दिला होता. वहीच्या पहिल्या पानावर तेही लिहून ठेवले आहे.