ओव्यांच्या ४१२ फाइलींत शब्द शोधायचाय, पहिलीच स्क्रिप्ट आहे, सल्ला द्या

ओवीची_नात
नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामिंगवाली नाही, बीकॉम झालंय, दुकानाचे हिशोब बघते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी आणि मामेबहीण गेली बरीच वर्षं नोटपॅडमध्ये टाइप करतोय, आता ४१२ टेक्स्ट फाइली झाल्यात. त्यातल्या विहिरीच्या सगळ्या ओव्या एकत्र काढून आजीकडून चालीवर म्हणवून रेकॉर्ड करायच्यात, तिचं वय ८७ आहे म्हणून घाई करतेय.

व्हिडिओ बघून पायथॉनमध्ये लिहिलं, फोल्डरमधली एकेक फाइल उघडायची आणि ओळीत 'विहीर' सापडलं की फाइलीचं नाव आणि ओळ छापायची, एवढंच. आधी मधेच एरर येऊन बंद पडायचं, मग एकाने सांगितलं ट्राय-एक्सेप्ट लाव आणि एक्सेप्टमध्ये पास लिही, म्हणजे एरर आली तरी स्क्रिप्ट थांबत नाही. आता एरर नाही पण ओळी आल्या फक्त ९. मला पाठ असलेल्याच वीसेक आहेत हो! विंडोज वापरते. कुठं चुकतंय, की दुसरंच काही वापरू?

सह्यवारा
ग्रेप वापरा ना सरळ, फाइलींमध्ये शब्द शोधणारी कमांड आहे ती. केन थॉम्प्सनने १९७३ च्या सुमारास याच कामासाठी लिहिलेलं, आजही रोज वापरतो. एक ओळ टाकली की सगळं फोल्डर शोधून देतं.

जुनाकीबोर्ड
ग्रेप उत्तमच, पण इथे त्यालाही सगळं सापडणार नाही. ताई, आधी ते पास काढा. पास म्हणजे जी फाइल वाचता आली नाही ती गुपचूप सोडून दिली, आणि आपल्याला वाटतं शोधून झालं. त्या जागी फाइलीचं नाव आणि एरर छापा, किती फाइली सुटतायत ते बघा आणि इथे सांगा.

ओवीची_नात
छापलं. ६३ फाइली! सगळ्यांना एकच, यूटीएफ-८ या एन्कोडिंगने (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) डीकोड होत नाही, बाइट शून्य-एक्स-एफएफ, पोझिशन शून्य. या सगळ्या बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवरच्या आहेत.

जुनाकीबोर्ड
मग सापडलं. जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना 'युनिकोड' निवडलं की फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये जायची, सुरुवातीचे एफएफ एफई हे दोन बाइट ही त्याचीच खूण. फाइल आधी बायनरी मोडमध्ये उघडून पहिले दोन बाइट बघा, ते असतील तर एन्कोडिंग यूटीएफ-१६ द्या, नाहीतर यूटीएफ-८-सिग, म्हणजे सुरुवातीला खूण असलीच तर ती गाळणारं यूटीएफ-८. ओपनमध्ये एन्कोडिंग दरवेळी लिहायचंच, विंडोजवर न लिहिता सोडलं तर पायथॉन बहुतेक वेळा विंडोजचं जुनं एन्कोडिंग (कोडपेज) धरतं. आणि निकाल कमांडच्या काळ्या खिडकीत छापू नका, तिथे देवनागरीचे चौकोन दिसू शकतात, वेगळ्या यूटीएफ-८ फाइलीत लिहा.

रानजाई
एन्कोडिंग झालं, पण मराठीचं काय? तुम्ही 'विहीर' शोधताय आणि ओवीत असणार 'विहिरीवर', 'विहिरीचं'. विभक्ती लागली की दीर्घ ही ऱ्हस्व होते, स्क्रिप्टला तो वेगळाच शब्द. पाणीचं तसंच, 'पाण्यात' मध्ये 'पाणी' ही अक्षरं नाहीतच. शिवाय आजी विहीर म्हणते का? आमच्याकडे हीर, इहीर म्हणतात, बारव असते ती वेगळीच.

ओवीची_नात
अगं हो, आजी हिरीवर म्हणते! नुसतं 'हिर' टाकून बघितलं तर हिरवा चुडा आणि हिरवं लुगडं यांचाच ढीग आला. रेजेक्समधलं (नमुना देऊन शोधायची पद्धत) शब्दाच्या हद्दीचं चिन्ह लावलं तरी शब्दाच्या मधूनच काहीतरी उचलतंय.

जुनाकीबोर्ड
ते चिन्ह मराठीला उपयोगाचं नाही. पायथॉनचं रेजेक्स काना, वेलांटी यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे 'बाहीर' मधल्या कान्यापाशीच त्याला हद्द दिसते आणि आतलं 'हीर' सापडतं. रेजेक्स सोडा, स्प्लिटने ओळीचे शब्द करा आणि प्रत्येक शब्द कशाने सुरू होतो ते स्टार्ट्सविथने तपासा. सुरुवातींची यादी अशी ठेवा: विहीर, विहिर, इहीर, इहिर, हीर, हिरी, बारव. 'हिरी' मुळे हिरीवर येईल, हिरवा येणार नाही. यादी आजीशेजारी बसून वाढवा, ती तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त शब्द सांगेल.

ओवीची_नात
७१ ओळी आल्या!! एक ओवी तर मी साफ विसरले होते, पोहरा आणि सासूची. एक शेवटचं विचारते, 'दुसऱ्या' शोधलं तर काही फाइलींत डोळ्यांना दिसतंय पण स्क्रिप्टला सापडत नाही.

रानजाई
तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, कीबोर्डवर अवलंबून. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह, युनिकोड २००डी. दिसायला सारखेच. ओळ वाचल्या वाचल्या रिप्लेसने दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या, शोधायच्या शब्दालाही तेच करा. मूळ फाइलींना हात लावू नका, त्यांची एक कॉपी पेनड्राइव्हवर आजच काढा.

ओवीची_नात
कॉपी काढली, मामेबहिणीकडेही एक दिली. रविवारी आजीकडे जातेय, ७१ ओळींचं प्रिंट मोठ्या अक्षरांत काढलंय.