मुंबईत राहून पूर्वीच्या नोकरीकडून मेडिकेअर पार्ट बीच्या हप्त्याचा परतावा कसा मागावा?

प्रश्न : पार्लेकर

नमस्कार. मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका महानगराच्या सार्वजनिक खात्यात २३ वर्षे अभियंता होतो. २०२१ मध्ये निवृत्त झालो आणि २०२४ च्या दिवाळीनंतर पत्नीसह विलेपार्ले पूर्वेला, वडिलांच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात मिळालेल्या घरात कायमचा राहायला आलो. आम्ही दोघेही अमेरिकी नागरिक असून दोघांचेही मेडिकेअरचे, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे, पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) आणि पार्ट बी (डॉक्टर व बाह्यरुग्ण उपचार) चालू आहेत. माझ्या खात्याच्या निवृत्तिलाभांत पार्ट बीचा हप्ता परत देण्याची तरतूद आहे, आणि ती पत्नीलाही लागू होते.

पूर्वी ही रक्कम एप्रिलच्या सुमारास आपोआप जमा होत असे. परदेशातील पत्ता नोंदवल्यापासून मात्र कार्यालय पुरावा मागू लागले आहे. २०२५ च्या परताव्यासाठी मी बँकेचे बारा महिन्यांचे उतारे पाठवले, ते अपुरे असल्याचे सांगून परत पाठवण्यात आले. माझा हप्ता सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी निवृत्तिवेतनाच्या, रकमेतून कापला जातो. पत्नीने सोशल सिक्युरिटी सत्तराव्या वर्षापर्यंत लांबवायचे ठरवले असल्यामुळे तिच्या हप्त्याचे बिल वेगळे येते आणि ते न्यू जर्सीत मुलीच्या पत्त्यावर जाते.

दुसरी अडचण रकमेची आहे. २०२५ मध्ये पार्ट बीचा प्रमाणित हप्ता दरमहा १८५ डॉलर होता, पण आम्हा दोघांकडून प्रत्येकी २५९ डॉलर घेतले गेले. आम्ही २०२३ मध्ये न्यू जर्सीतील भाड्याने दिलेली एक सदनिका विकली होती, त्याचा हा परिणाम असावा असे मुलीचे म्हणणे आहे. वरचे ७४ डॉलरही परत मिळतात का?

आणि तिसरा प्रश्न, जो इथले नातेवाईक मला रोज विचारतात : मुंबईतल्या कुठल्याही रुग्णालयाचे बिल मेडिकेअर देत नाही, तर मग हा हप्ता भरायचाच कशाला?

उत्तर १ : मुलुंडकर

पार्लेकर, आपले उतारे परत का आले ते आधी सांगतो, कारण मीही दोन वर्षांपूर्वी हीच चूक केली होती. बँकेच्या उताऱ्यात दिसते ती कपात झाल्यानंतर जमा झालेली निव्वळ रक्कम. मूळ लाभ किती होता आणि त्यातून पार्ट बीसाठी किती कापले गेले, हे त्यावरून कोणालाच सिद्ध करता येत नाही. कार्यालयाला हवे असते ते सोशल सिक्युरिटीचे वार्षिक पत्र, ज्यात मूळ लाभ, पार्ट बीची कपात आणि हाती येणारी रक्कम स्वतंत्रपणे छापलेली असते. हे पत्र नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरमध्ये निघते आणि सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर आपले खाते असेल तर तिथूनही उतरवून घेता येते. टपालाची वाट पाहत बसू नये. परदेशातले टपाल पार्ल्याच्या पोस्टात येऊन पडले तरी आपल्या हाती कधी पडेल, हे आपला पोस्टमनच जाणे.

यात एक खोच आहे आणि तिथे पुष्कळ लोक चुकतात. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या पत्रात २०२६ चे आकडे असतात, म्हणजे दरमहा २०२.९० डॉलरचा नवा प्रमाणित हप्ता. आपल्याला परतावा २०२५ चा हवा आहे, म्हणून पत्र लागेल ते डिसेंबर २०२४ चे. लोक उत्साहाने सर्वांत ताजे पत्र जोडतात आणि अर्ज परत येतो. जुने पत्र सापडत नसेल, तर जानेवारीत येणारा एसएसए-१०९९ हा फॉर्म जोडावा. त्यात सरलेल्या वर्षभरात पार्ट बीपोटी कापलेली एकूण रक्कम दिलेली असते. आपल्या बाबतीत ती २५९ गुणिले १२, म्हणजे ३,१०८ डॉलर असायला हवी. हा आकडा जुळतो का ते आधी स्वतः पाहावे आणि मगच कागद पाठवावेत.

वहिनींचे प्रकरण वेगळे आहे. त्यांना सोशल सिक्युरिटी चालू नसल्यामुळे एसएसए-१०९९ मिळणार नाही. त्यांच्या नावाने मेडिकेअरचे जे बिल निघते, सीएमएस-५०० नावाचे, ते साधारणपणे तीन-तीन महिन्यांचे असते. त्यामुळे २५९ च्या हिशेबाने प्रत्येक बिल ७७७ डॉलरचे झाले असेल. मुलीला सांगून २०२५ ची सर्व बिले आणि प्रत्येक बिल भरल्याचा पुरावा एकत्र करून घ्या. नुसते बिल पाठवल्यास ते भरले होते का असा प्रश्न येतो, आणि नुसती भरल्याची नोंद पाठवल्यास ती रक्कम कशाची होती असा. दोन्ही कागद जोडीनेच पाठवावेत. नवरा-बायकोचे कागद एकाच पाकिटात घातले तरी अर्ज वेगळे, मेडिकेअर क्रमांक वेगळे आणि पुरावेही वेगळे ठेवावेत. आमच्याकडे एका वर्षी पत्नीचे कागद माझ्याच फाइलला लागले, आणि तिचा परतावा सात महिने अडकून पडला.

उत्तर २ : दादरकर वाचक

हप्ता कशाला भरायचा, या प्रश्नाचे उत्तर मी आमच्या घरच्या अनुभवावरून देते. माझे यजमान निवृत्त होऊन दादरला परतले, तेव्हा सगळ्यांनी हेच सांगितले की इथे उपयोग नाही, तर पार्ट बी सोडून द्या. त्यांनी रीतसर सीएमएस-१७६३ हा फॉर्म भरून पार्ट बी बंद केले. मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही हे खरेच आहे, त्यामुळे त्या वेळी निर्णय शहाणपणाचा वाटला.

तीन वर्षांनी मुलाच्या घरी बोस्टनजवळ जाऊन राहायची वेळ आली, तेव्हा त्याची किंमत कळली. पार्ट बी पुन्हा घेण्यासाठी १ जानेवारी ते ३१ मार्च या मुदतीची वाट पाहावी लागली. ज्या प्रत्येक पूर्ण वर्षी पार्ट बी नव्हते, त्या वर्षामागे हप्त्यावर १० टक्के दंड लागतो, आणि तो एकदाच भरून सुटका होत नाही. पार्ट बी असेपर्यंत दरमहा भरावा लागतो. तीन वर्षांचे ३० टक्के झाले, म्हणजे आजच्या २०२.९० डॉलरच्या हप्त्यावर दरमहा सुमारे ६१ डॉलर. पूर्वीच्या नोकरीने हप्ता पुन्हा परत द्यायला सुरुवात केली, पण दंडाची रक्कम योजनेत बसत नाही असे कळवले.

त्याहून मोठा फटका दुसरीकडे बसला. यजमानांच्या निवृत्तांसाठीच्या विमायोजनेत अशी अट होती की पासष्टीनंतर बिलाचे पैसे आधी मेडिकेअर देणार आणि त्यानंतर नोकरीचा विमा. पार्ट बी घेतलेले नसले तरी ते आहे असे धरूनच हिशेब केला जाई. त्यामुळे मधल्या काळात तिकडे गेलो असताना झालेल्या एका तपासणीच्या बिलातला मेडिकेअरचा मानला गेलेला वाटा आम्हाला पदरचा भरावा लागला. म्हणून माझे सांगणे इतकेच की, आपल्या योजनेच्या पुस्तिकेत पार्ट बीची अट आहे का ते शब्दशः वाचा. हप्ता जर परत मिळत असेल आणि वर्षातून एकदा तरी मुलीकडे जाणे होत असेल, तर सोडून देण्यात कसलीच बचत नाही. नातेवाइकांना आपल्या खिशातून नेमके काय जाते ते माहीत नसते.

आणखी एक. आपल्या जुन्या खात्याने निवृत्तांना मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खासगी विमा कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर योजनेत घातले असेल तर सावध राहा. त्या योजनांना ठरावीक सेवाक्षेत्रात राहण्याची अट असते आणि कायमचा पत्ता मुंबईचा असेल तर तिथे राहता येत नाही. मूळ मेडिकेअरच्या पार्ट ए आणि बीला अशी अट नाही.

उत्तर ३ : ठाण्याचा हिशेबनीस

वरचे ७४ डॉलर हा उत्पन्नानुसार लागणारा अधिभार आहे, ज्याला तिकडे आयर्मा म्हणतात. तो दोन वर्षांपूर्वीच्या करविवरणपत्रावरून ठरतो. २०२५ साठी २०२३ चे विवरणपत्र पाहिले गेले, आणि पती-पत्नींच्या एकत्रित विवरणपत्रात २,१२,००० डॉलरच्या वर उत्पन्न गेल्यामुळे आपण दोघेही पहिल्या टप्प्यात गेलात. आपल्या कन्येचा अंदाज बरोबर आहे.

एसएसए-४४ फॉर्म भरून अधिभार कमी करून मागता येतो असे आपल्याला कोणीतरी सांगेलच. तो मार्ग निवृत्ती, कामाचे तास कमी होणे, जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, पेन्शन बंद पडणे अशा घटनांसाठी आहे. स्वतःहून मालमत्ता विकून झालेला नफा त्यात मोडत नाही, आणि आपली निवृत्ती २०२१ ची असल्यामुळे तिचाही इथे आधार घेता येणार नाही. तेव्हा सोशल सिक्युरिटीकडे वेळ न दवडता आपल्या जुन्या कार्यालयालाच विचारावे की अधिभाराचा परतावा योजनेत आहे का. हे मालकागणिक बदलते. न्यूयॉर्क शहर आपल्या पात्र निवृत्तांना प्रमाणित हप्ता परत देते आणि अधिभारासाठी वेगळा अर्ज घेते. तिथे हा हक्क शहराच्या प्रशासकीय संहितेच्या कलम १२-१२६ शी जोडलेला आहे. न्यूयॉर्क राज्याच्या योजनेत प्रमाणित हप्ता बहुधा पेन्शनमध्येच मिळवून दिला जातो. खासगी कंपन्यांत अनेकदा फक्त ठरावीक वार्षिक रक्कम मिळते. आपल्याकडे तरतूद असल्यास प्रत्येकी ८८८ डॉलर, दोघांचे मिळून १,७७६ डॉलर होतात, म्हणजे एक अर्ज भरण्याचे कष्ट नक्कीच वसूल होतात.

आपल्या पार्ल्याच्या घराविषयीही एक सूचना. अमेरिकी नागरिकाचे जगभरातील उत्पन्न तिकडच्या विवरणपत्रात येते, म्हणून उद्या मुंबईतील एखादी मालमत्ता विकलीत तर तिचा करपात्र नफाही दोन वर्षांनी हप्त्यात उमटेल. विक्रीची तारीख ठरवताना हे ध्यानात असू द्यावे. तसेच परत मिळालेला हप्ता वैद्यकीय खर्चाच्या वजावटीत पुन्हा दाखवता येत नाही.

पार्लेकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मुलुंडकरांनी सांगितल्याप्रमाणे खाते उघडून पाहिले, तर डिसेंबर २०२४ चे पत्र तिथेच होते. मी कार्यालयाला डिसेंबर २०२५ चे पाठवायला निघालो होतो. एसएसए-१०९९ वर ३,१०८ हाच आकडा आहे. पुस्तिकेत पार्ट बीची अट ठळक अक्षरांत आहे, आणि अधिभारासाठी वेगळा अर्ज करता येतो असे एका तळटीपेत सापडले. नातेवाइकांना आता ती पुस्तिकाच वाचायला देणार आहे.

एक शेवटची शंका. कार्यालय परताव्याचा धनादेश टपालाने मुंबईला पाठवू का, असे विचारते. तो इथल्या बँकेत वटतो का?

मुलुंडकर

कृपया धनादेश मागवू नका. डॉलरचा धनादेश वसुलीला पाठवला की आठवडेच्या आठवडे जातात, शुल्क कापले जाते, आणि अमेरिकी धनादेशाची मुदत साधारण सहा महिन्यांचीच असल्याने तो टपालात रेंगाळला तर परत जातो. तिकडचे एक बँक खाते चालू ठेवा आणि रक्कम थेट त्यातच जमा करायला सांगा.

सोशल सिक्युरिटीचा एसएसए-७१६२ हा फॉर्मही विसरू नका. परदेशात राहणाऱ्या लाभार्थ्यांसाठी तो आपल्याकडच्या हयातीच्या दाखल्यासारखा आहे, फक्त नोव्हेंबरऐवजी उन्हाळ्यात येतो. तो भरून परत केला नाही तर लाभ थांबतो, लाभ थांबला की त्यातून होणारी पार्ट बीची कपातही थांबते, मग बिल येते, आणि ते वेळेत भरले नाही तर पार्ट बीच बंद होते. भारतातील लाभार्थ्यांचे हे काम मनिला येथील अमेरिकी दूतावासाचा फेडरल बेनिफिट्स विभाग पाहतो, म्हणून त्यासाठी बीकेसीतील वाणिज्य दूतावासाच्या रांगेत उभे राहू नये.

पार्लेकर

समजले. मुलीकडून पत्नीची चारही बिले आणि ती भरल्याच्या नोंदी काल रात्री आल्या, त्यांपैकी एका बिलाची पावती तेवढी मिळायची आहे. ती आली की दोन वेगळे अर्ज आणि अधिभाराचे दोन अर्ज असे चार संच पाठवीन आणि कार्यालयाची पोच इथे कळवीन.