मदत हवी आहे: निवृत्त फौजी भावासाठी मराठीतून ट्रॉमा थेरपी

दादा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त, आता डोंबिवलीत असतो. डॉक्टरांचं निदान पीटीएसडीचं (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहिलेल्या आघाताचा आजार). ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) गोळ्या चालू आहेत. झोप सुधारली, पण लोकलच्या गर्दीत घाम फुटतो, दाराकडे पाठ करून बसत नाही. एका समुपदेशकाने पहिल्याच भेटीत बालपण उकरायला घेतलं, दादा परत गेलाच नाही (त्याचंही बरोबर आहे म्हणा). दारू नाही, जिवाचं बरंवाईट करायचे विचारही नाहीत, डॉक्टरांनी विचारलंय. सीपीटी (आघाताबद्दलचे मनात अडकलेले विचार तपासून बदलायची थेरपी) साधारण 12 सत्रांची, लिहून करायची एक्सपोजर थेरपी (तो प्रसंग लिहून काढत त्याला सामोरं जायचं) 5 सत्रांची. एवढ्याला तो तयार आहे. ग्रुपमध्ये बसणार नाही. ठाणे ते दादर किंवा ऑनलाइन, यातलं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं, मराठीतून करणारं कोणी माहीत आहे का? आणि ईसीएचएसच्या रेफरलवर फी परत मिळते का?