लॅपटॉप कशाने गेला, कशाने वाचला? लिहा आपापलं

परवा लॅपटॉप उघडताना उजवीकडे 'कट्' असं वाजलं आणि स्क्रीनची खालची पट्टी दात विचकल्यासारखी फाकली. दुरुस्तीवाल्याने आतलं दाखवलं. बिजागरी ठणठणीत, पण तिचे स्क्रू ज्या इवल्याशा पितळी नटांत बसतात ते नट प्लास्टिकमधून उपटून आलेले. "एका कोपऱ्याला धरून उघडता ना?" त्याने विचारलं. चार वर्षं तसंच करत होते, कारण दुसऱ्या हातात चहा. सगळा पीळ एकाच बाजूला. आता मधोमध धरते. तिथे बोटासाठी खाच आहे, हे आत्ता कळलं. पुस्तकी सल्ले नकोत, स्वतःच्या हातून झालेलं लिहा. लाज वाटली तरी लिहा.

नाशिकहून
चहाचं नाव काढलंत म्हणून. माझा अर्धा कप कीबोर्डवर सांडला, दुधासाखरेचा. चार्जर उपटला, बटण दाबून धरून बंद केला, टॉवेलवर तंबूसारखा पालथा ठेवला. इथवर शहाणपणा. मग शेजारच्या काकूंचं ऐकून रात्रभर तांदळात. सकाळी 'बघू तरी' म्हणून चालू केला, तिथेच घात झाला. दहा मिनिटं चालला नि कायमचा काळा. दुरुस्तीवाला म्हणाला, पाणी वाळतं, साखर तिथेच बसते. ओल असताना वीज सोडली की आतला सर्किट बोर्ड खाल्ला जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुऊन पाहिलं, पण उशीर झाला होता. यूएसबीच्या भोकात तांदळाचं पीठ निघालं ते वेगळंच.

रत्नागिरी
आमच्याकडे आषाढात चपलेला बुरशी येते, लॅपटॉपची काय कथा. मुलगा महिनाभर नव्हता, मशीन कपाटात बॅगेत बंद. काढलं तर बॅगेला पांढरी लव आणि चार्जिंगच्या पिनेवर हिरवट डाग. आता कुणी वापरो न वापरो, एक दिवसाआड तासभर चालू ठेवते, स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या.

पुणे, घरून काम
दोन वर्षं चार्जर लावूनच ठेवला. एक दिवस टचपॅड दाबला जाईना. मी धूळ समजून पुसत बसलो. मग टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला. खालचं झाकण काढलं तर बॅटरी पुरीसारखी टम्म. कायम शंभर टक्के चार्ज, त्यात उष्णता, या दोन्हींनी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. नवीन बसवली आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावली.

*(धागाकर्ती: दादा, ती फुगलेली टाचणीने टोचून बघितली नाहीत ना? आमच्या भावाने एका मोबाइलची बघितली होती. धूरच धूर.)*

पुणे, तोच मी
नाही हो! ई-कचऱ्यात दिली.

सोलापूर
लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरवलं की बोटाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. बायको म्हणायची भास आहे. चार्जर तीन पिनांचा, पण मी दोन पिनांच्या जुन्या अडॅप्टरमधून लावत होतो, म्हणजे अर्थिंग तुटलेलं. भिंतीतल्या नीट अर्थिंगवाल्या सॉकेटला लावला, भास गेला.

पनवेल
कॅमेऱ्यावर सरकणारी प्लास्टिकची झाकणी चिकटवली, झाकण मिटलं, दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर कोळ्याचं जाळं. नंतर वाचलं की अ‍ॅपलने २०२०मध्येच सांगितलं होतं, ०.१ मिमीपेक्षा जाड काही लावून मॅकबुक मिटू नका. माझा मॅकबुक नव्हता, पण फट तेवढीच असावी! आता कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावतो, मिटताना काढतो. मिटण्याआधी कीबोर्डवर इअरफोन, पेन राहिलंय का, हेही बघतो.

इंदूरहून, वसतिगृहातून
हिवाळाभर गोदडीवर ठेवून सिनेमे. हवेची जाळी खाली, गोदडीने बंद. पंखा विमानासारखा ओरडायचा, मग मशीन आपोआप बंद. उघडून फुंकणीने साफ केला, पंख्याचं पातं टूथपिकने धरून. नाहीतर हवेच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरतं. आत कापसाची चक्क वात निघाली. आता खाली जेवणाचं ताट उपडं ठेवतो.

पुन्हा रत्नागिरी
आणि मांजर. ऊब मिळते म्हणून कीबोर्डवरच बसते. यावर कुणाकडे उपाय आहे का?