न सांगणाऱ्याला थेट तुरुंग?

रानवारा: "एचआयव्ही जोडीदारापासून लपवणाऱ्याला सरळ आत टाका" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी समुपदेशक आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम १० वाचा. संसर्ग असलेल्याने खबरदारी घ्यायची आहे: धोका कमी करणारे उपाय किंवा संबंधाआधी कल्पना देणं. मारहाणीची, घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती असलेल्या बाईला यातून सूट आहे. ती उगाच नाही. गरोदरपणात तपासणी बाईची होते, नवरा तपासून घेत नाही आणि "हिनेच आणलं" म्हणून तिची माहेरी रवानगी. एक जण माझ्यासमोर बसून गोळ्यांच्या बाटलीचं लेबल नखाने खरवडत होती. पिशवीत खडखड होऊ नये म्हणून आत कापूसही कोंबला. तिला तुरुंगात टाकायचं?

सदाशिव_पेठी: ताई, माझ्या मावसबहिणीच्या सासरी लग्नाआधीच सगळं माहीत होतं. मुलगा मार्गी लागेल म्हणून लग्न लावलं. आज तीही पॉझिटिव्ह आहे. तिचा हक्क कुठल्या कलमात?

रानवारा: कलम ९. रुग्ण समजावूनही सांगत नसेल आणि जोडीदाराला खरोखर धोका असेल, तर रुग्णाला आधी तसं कळवून डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. तिच्या बाबतीत कुणीच ते केलं नाही, याचा मलाही संताप येतो.

आबासाहेब: मूळ दुखणं वेगळंच आहे. छत्तीस गुण जुळवता, मग लग्नाआधी रक्त तपासायला काय होतं? सक्तीच करा!

माडाची_सावली: सक्ती? रिपोर्ट आधी गावभर फिरेल, मग तुमच्या हातात येईल. शिवाय नवीन लागण चाचणीत काही आठवडे दिसतच नाही. लग्नानंतरचं काय, दर वर्षी सक्ती?

आबासाहेब: म्हणजे पोरींनी डोळे झाकून बोहल्यावर चढायचं? तुमची मुलगी असती तर?

माडाची_सावली: माझ्या मुलीवर येऊ नका. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा रुग्णांचा लग्नाचा हक्कच तहकूब म्हटला होता. २००२ मध्ये ती टिप्पणी अनावश्यक ठरली. तुम्ही अजून १९९८ मध्येच आहात.

रानवारा: भांडण थांबवा. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मिलीलिटरमागे २०० च्या खाली टिकला, तर संबंधातून लागण होत नाही. २०१६ च्या युरोपातल्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात, एकालाच एचआयव्ही असलेल्या जोडप्यांच्या कंडोमविना अठ्ठावन्न हजार संबंधांत जोडीदाराकडून एकही लागण झालेली नव्हती.

सदाशिव_पेठी: धोका नाही, मग सांगायला कसली भीती? ज्याच्याशी संसार करायचा त्याच्यापासून हे लपवायचं? बरं, मार खाणाऱ्या बाईची सूट मान्य. पुरुषाला अजिबात नाही.

रानवारा: ती सूट कायद्यानेही पुरुषाला दिलेली नाही. बहिणीच्या गोळ्या चालू आहेत ना?

सदाशिव_पेठी: चालू आहेत. पण ज्या सासू-सासऱ्यांनी जाणूनबुजून लग्न लावलं, त्यांना कुठलं कलम लागतं ते सांगा.